दसरा आला की स्विमिंग पूल हिरवा! गोळ्या तरंगत असूनही शेवाळ का धरतं?

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. गोव्यात, बार्देशात घरामागे, भाटाला (माडांच्या बागेला) लागून छोटा पूल आहे. सगळी माहिती आधीच देतो, म्हणजे उलटे प्रश्न विचारायला नकोत.

लांबी ८ मीटर, रुंदी ४, खोली एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला १.७ मीटर. आतून काचेची मोझॅक, ग्राउट सिमेंटचं. एक स्किमर (वरचं पाणी आणि पानं ओढून घेणारं भिंतीतलं तोंड), दोन इनलेट, पाऊण एचपीचा पंप, ५०० मिमी व्यासाचा वाळूचा फिल्टर, वर सहा पोझिशनचा व्हॉल्व्ह. पाणी नळाचं, उन्हाळ्यात कमी पडलं तर विहिरीचं.

ऑक्टोबर ते मे: तरंगत्या डब्यात दर आठवड्याला २०० ग्रॅमच्या दोन टीसीसीए (क्लोरीनच्या) गोळ्या, पंप रोज सहा तास. जून ते सप्टेंबर: डबा बाहेर, आठवड्यातून एकदा दोन लिटर लिक्विड क्लोरीन, पंप रोज दोन तास.

दसऱ्याच्या सुमारास ऊन पडायला लागलं की तीन दिवसांत पाणी हिरवं. पाच लिटर लिक्विड ओतलं की साफ होतं, पाचव्या दिवशी पुन्हा भिंती बुळबुळीत. मे महिन्यात वेगळाच प्रकार: पाणी स्वच्छ, पण माडाच्या सावलीच्या बाजूला पिवळट पूड बसते. ब्रश मारला की धुरासारखी उडते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. थेंबांच्या किटवर क्लोरीन दोन्ही वेळा 'ठीक', पीएच आत्ता ६.८.

प्रश्न तीन: पुन्हा पुन्हा का येतं? बागेतलं काम पाहणारे काका मोरचूद टाका म्हणतात, टाकू का? आणि पुढच्या पावसाआधी काय करून ठेवायचं?

एक_चौदा

माहिती अशी दिली की उत्तर द्यायला हुरूप येतो.

आधी आकारमान. ८ × ४ × सरासरी १.३५ = ४३.२ घनमीटर, म्हणजे ४३,२०० लिटर. हा आकडा पंपखोलीच्या दारामागे मार्करने लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक डोस त्यावरूनच निघतो. तुमच्या पूलमध्ये १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे ४३ ग्रॅम.

आता मुद्दा. तुमच्याकडे आजार दोन आहेत आणि औषध एकच चाललंय. मे महिन्यात पाण्यात स्टॅबिलायझर फार जास्त असतो, ऑक्टोबरमध्ये तो जवळजवळ नसतो. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक आम्ल. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं, पण सांभाळताना त्याला धरूनही ठेवतं. कमी असेल तर क्लोरीन उडतो, जास्त असेल तर क्लोरीन असूनही कामाला येत नाही.

टीसीसीएच्या गोळीत क्लोरीन आणि स्टॅबिलायझर दोन्ही असतात. २०० ग्रॅमची एक गोळी तुमच्या पूलला ४.२ पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत २.५ पीपीएम स्टॅबिलायझर. क्लोरीन वापरला जातो, स्टॅबिलायझर जवळजवळ तसाच राहतो. बाष्पीभवनाने तो जात नाही. पाणी बाहेर गेलं तरच जातो, म्हणजे बॅकवॉशला (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुताना), उडालेल्या पाण्याबरोबर किंवा पावसात भरून वाहताना. आठवड्याला दोन गोळ्या म्हणजे ५ पीपीएम. ऑक्टोबर ते मे सुमारे ३४ आठवडे. बॅकवॉशची घट धरूनसुद्धा मे अखेर तुम्ही शंभराच्या पुढे जाता.

साधा नियम: मुक्त क्लोरीन (अजून वापरला न गेलेला) स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. स्टॅबिलायझर ३० असेल तर सव्वादोन, ५० ला पावणेचार, १२० ला तब्बल ९. तुम्ही मेमध्ये १२० वर दोन-तीन ठेवत असाल तर ते शेवाळाला पुरेसं नाही. पिवळी पूड ही शेवाळाचीच चिवट जात, सावलीत बसते आणि नेमकी अशाच वेळी डोकं वर काढते.

आता पाऊस. किनारपट्टीला हंगामात ३००० मिमीच्या आसपास पडतो. तुमची सरासरी खोली १३५० मिमी. म्हणजे दोन पूल भरून वर थोडं उरेल एवढं पाणी आभाळातून येतं आणि तेवढंच ओसंडून जातं. पूर्ण मिसळत असेल तर मेमधल्या स्टॅबिलायझरचा नववा हिस्सा उरतो. पंप बंद असताना पावसाचं पाणी वरच्या वर वाहून जातं, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त उरेल. पण शंभराचे दहा-पंधरा-वीस झाले एवढं नक्की. पावसाळाभर तुम्ही फक्त लिक्विड वापरता, त्यात स्टॅबिलायझर नसतो, म्हणजे भर काहीच नाही.

मग ऑक्टोबरचं ऊन. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातला क्लोरीन दुपारच्या उन्हात तासाभरात निम्म्यावर येतो. दोन गोळ्या आठवड्याला ८.४ पीपीएम देतात, दिवसाला १.२. तेवढं तर जेवणवेळेपर्यंतच संपतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत शेवाळाला रान मोकळं, पाणी २८–३० अंश. तीन दिवस लागतात हेच नवल!

किटबद्दल: पिवळा रंग येणारे थेंब म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ते एकूण क्लोरीन दाखवतात, त्यात कामातून गेलेला, अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही आला. 'ठीक' दिसणं फसवं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या, अल्कलिनिटीचे (पीएच स्थिर धरून ठेवायच्या पाण्याच्या ताकदीचे) थेंब घ्या आणि स्टॅबिलायझरची काळ्या ठिपक्याची नळी घ्या. चारही आकडे इथे टाका: मुक्त क्लोरीन (एकदा सूर्य मावळल्यावर, एकदा उजाडण्याआधी), पीएच, अल्कलिनिटी, स्टॅबिलायझर. डोस त्यानंतर सांगतो.

वाळूवाला

एक_चौदांनी रसायन सांगितलं, मी लोखंड-वाळूचं बोलतो. निम्मी शेवाळं 'परत येत' नाहीत, ती कधी गेलेलीच नसतात.

पाणी साफ दिसलं की लोक थांबतात. शेवाळ लपतं कुठे ते बघा. लाइटचे स्क्रू काढून दिवा कोनाड्यातून बाहेर ओढा (मेन बंद करून, फक्त स्विच नव्हे). मागे हिरवा गिलावा सापडला नाही तर मला सांगा. शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू आणि पाय जिथे बसवलेत ती वाटी. स्किमरची हलती फळी आणि तिच्या मागचा घसा. तळाच्या ड्रेनच्या जाळीखाली. तरंगता डबा ज्या कोपऱ्यात अडकून राहतो त्याच्या बरोबर समोरचा कोपरा, कारण तिथे ना गोळी जाते ना इनलेटचा झोत. या सगळ्या जागी बाटली घासायचा ब्रश घालून घासा. मोझॅकवर नायलॉनचाच ब्रश. स्टीलच्या तारा काचेवर ओरखडे काढतात आणि तुटलेली तार तळाशी राहिली तर गंजाचा डाग पडतो.

काच गुळगुळीत असते, शेवाळ बसतं ते ग्राउटच्या रेघेत. सिमेंटचं ग्राउट कमी पीएचमध्ये झिजतं, खरखरीत होतं आणि मग तिथे पकड मिळते. तुमचा ६.८ पीएच ग्राउट खातोय. नखाने रेघ ओढून बघा, पांढरी पूड आली तर उन्हाळ्यात रेघा इपॉक्सीने भरून घ्यायचा विचार करा.

फिल्टर: बॅकवॉश वारावर नाही, काट्यावर करायचा. बॅकवॉश करून ताजा झाला की प्रेशर गेजच्या काचेवर काटा असेल तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. त्या ठिपक्यापेक्षा ०.५ ते ०.७ बार (८–१० पीएसआय) वर गेला की बॅकवॉश. पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हची मूठ फिरवू नका, आतलं चक्रासारखं रबर फाटतं आणि मग बॅकवॉशच्या पाइपातून बारीक धार कायम चालू राहते. पूलची पातळी रोज का उतरते ते कळत नाही. बॅकवॉश दोन-तीन मिनिटं, काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग पंप बंद, मूठ 'रिन्स'वर, अर्धा मिनिट. ही पायरी गाळली तर सैल झालेली घाण इनलेटमधून सरळ पूलमध्ये येते आणि लोक म्हणतात शेवाळ परत आलं.

वर्षातून एकदा टाकी उघडा. वाळू सपाट असावी, हातात घेतली तर मोकळी सुटावी. पृष्ठभागावर खड्डा दिसला तर पाणी एकाच वाटेने धावतंय. मुठीत दाबल्यावर चिकट लाडू वळला तर शेवाळ आणि सनस्क्रीनचं तेल बसलंय. वाळू तीन ते पाच वर्षांनी बदलायची, आणि ०.५–०.८ मिमीची सिलिका वाळूच घ्यायची. बांधकामाची नदीची वाळू किंवा दर्यावरची वाळू भरणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

पंप दोन तास फारच कमी. पाऊण एचपीचा पंप चढ-उतार धरून तासाला ८ घनमीटर देईल असं समजा. ४३ घनमीटर एकदा फिरायला साडेपाच तास. पावसाळ्यात किमान तेवढे, मार्चपासून आठ. जमत असेल तर दिवसाउजेडी, दोन हप्त्यांत.

कुळागर

मोरचुदावर मी लिहिते.

गोव्यात ज्याच्या घरी पोफळी आहेत त्याच्या कोठारात मोरचूद असतोच. कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी हे प्रमाण काकांच्या हातात बसलेलं असतं. त्यामुळे 'टाका मूठभर' हा सल्ला येणं साहजिकच.

तांबं शेवाळाला मारतं, खोटं नाही. पण किती? पूलमध्ये ०.२ पीपीएम तांबं पुष्कळ झालं. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा. हिशेब केला तर तुमच्या पूलला जेमतेम ३५ ग्रॅम, म्हणजे मूठभर नव्हे, दोन-तीन चमचे. आणि तांबं उडत नाही, वापरलं जात नाही, स्टॅबिलायझरसारखंच साठत जातं. दर महिन्याला मूठ पडली की पीएच वर गेलेल्या दिवशी ते ग्राउटवर निळसर-काळपट डाग होऊन बसतं. सोनेरी किंवा पिकलेले केस हिरवे होतात त्याला लोक क्लोरीनला दोष देतात. ते काम तांब्याचं. डाग निघायला आम्ल लागतं, आम्ल ग्राउट खातं, खाल्लेल्या ग्राउटमध्ये शेवाळ बसतं. गोल फिरून तिथेच.

माझं मत: मोरचूद नको. पावसाळ्यात विमा म्हणून अल्गीसाइड (शेवाळनाशक) हवंच असेल तर पॉलिक्वाट ६० लिहिलेलं घ्या, डोस डब्यावरचा. स्वस्त अल्गीसाइड बहुतेक बेंझाल्कोनियमची असतात, चालतात, पण पंप सुरू केला की फेस येतो. हिरवं झालेलं पाणी मात्र अल्गीसाइडने साफ होत नाही. तिथे क्लोरीनच.

आणखी एक. पोफळीवर फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा बघा, तांबं न टाकताही पूलमध्ये येतं. तसंच माडांच्या आळ्यांत खत घातलंय आणि भाटाचा उतार पूलकडे आहे, तर पहिल्या जोराच्या सरीबरोबर फॉस्फेट आणि नायट्रेट पाण्यात. शेवाळाचं ते जेवण. फॉस्फेट काढायची महागडी बाटली घेण्यापेक्षा कडेने वीतभर खोल चर खणून पाणी वळवा. तोच चर चिऱ्याची लाल मातीही अडवतो.

म्हापशेकार

विहिरीच्या पाण्याचा मुद्दा राहिला. जांभ्या दगडातलं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी, मऊ आणि लोखंडवालं असतं. विहिरीत स्वच्छ दिसतं, क्लोरीन लागला की लोखंड गंजतं आणि पूल हिरवट-तपकिरी. लोक त्याला शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओततात, रंग आणखी गडद.

ओळखायचं कसं: पाणी हिरवट पण पारदर्शक, तळाची टाइल स्पष्ट दिसते, भिंत बुळबुळीत नाही, तर लोखंडाचा संशय. गढूळ हिरवं आणि हाताला निसरडं, तर शेवाळ. खात्री करायला पांढऱ्या बादलीत विहिरीचं २० लिटर पाणी घ्या, चमचाभर लिक्विड क्लोरीन घाला, अर्धा तास थांबा. कोऱ्या चहाचा रंग आला तर हे पाणी सरळ पूलमध्ये सोडायचं नाही. आधी टाकीत उंचावरून शॉवरसारखं पाडा, म्हणजे हवा लागेल. रात्रभर निवळू द्या आणि वरचंच पाणी घ्या. तळातलं वीतभर सोडून द्या.

भिंतीवर तपकिरी डाग असेल तर क जीवनसत्त्वाची गोळी त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. डाग फिका पडला तर लोखंड. काही फरक नाही तर ते पान-पाचोळ्याचं किंवा तांब्याचं.

चिरेबंदी

देव बरें करूं सगळ्यांचं! विहिरीची बादली चहासारखी झाली, म्हणजे तेही होतंच. दिव्यामागे काय निघालं ते वाळूवाला, विचारूच नका.

आकडे:
मुक्त क्लोरीन काल रात्री ४, आज उजाडताना १.५
पीएच ६.८
अल्कलिनिटी ३०
स्टॅबिलायझर: नळी काठोकाठ भरली तरी काळा ठिपका दिसतोच. सर्वांत खालची खूण २० ची आहे.

लिक्विडचा कॅन महिनाभरापूर्वी आणलेला, पंपखोलीत ठेवलाय.

एक_चौदा

सगळं स्वच्छ कळलं. रात्री ऊन नसतं, तरी अडीच पीपीएम गेला. म्हणजे तो खाणारं पाण्यात जिवंत आहे. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घट झाली की शेवाळ संपलं असं धरायचं, डोळ्यांवर जायचं नाही. पाणी डोळ्यांना साफ दिसायला लागलं त्या दिवशी तुम्ही दरवेळी थांबत होता, म्हणून पाचव्या दिवशी परत.

क्रम महत्त्वाचा, तो बदलू नका.

आधी अल्कलिनिटी. ३० वरून ८० ला न्यायला खाण्याचा सोडा ३.६ किलो. निम्मा आज, पंप चालू ठेवून खोल बाजूला पसरून; निम्मा उद्या सकाळी, मोजून. त्यानेच पीएच सातच्या वर सरकेल. इनलेटचं तोंड वरच्या दिशेला वळवा, पाणी खळखळलं पाहिजे. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आणखी चढतो, फुकटात. धुण्याचा सोडा मोठ्या मापाने टाकू नका, पीएच एकदम उडी मारतो आणि पाणी दुधासारखं होतं.

मग स्टॅबिलायझर. तुमचा १० धरून चालू. ३० पर्यंत न्यायला ८५० ग्रॅम दाणेदार सायन्युरिक आम्ल. ते विरघळायला आळशी. जुन्या पायमोज्यात भरा, गाठ मारा, इनलेटच्या झोतासमोर दोरीने टांगा आणि येता-जाता दाबा. नळीत पूर्ण दिसायला आठवडा जाईल, पण टाकलं तेवढं आहे असं धरून पुढचा हिशेब करायचा.

पीएच ७.२ च्या आसपास आला की संध्याकाळी क्लोरीन. स्टॅबिलायझरच्या ४० टक्के, म्हणजे १२ पीपीएम. ताजं १० टक्क्यांचं लिक्विड असेल तर ५.२ लिटर. पण तुमचा कॅन महिनाभर उकाड्यात बसलाय, त्याची ताकद घटलेली असणार. आधी पाच लिटर ओता, पंप चालू ठेवून अर्ध्या तासाने मोजा, किती चढलं त्यावरून कॅनची खरी ताकद काढा. पुढचा डोस त्या हिशेबाने. यापुढे दहा-बारा दिवसांपुरताच कॅन आणा, सावलीत ठेवा, झाकण किंचित सैल. आम्लाच्या कॅनशेजारी कधीच नको, दोघांच्या वाफा एकमेकांना मिळाल्या की खोलीतलं सगळं लोखंड गंजतं, आणि सांडून मिसळले तर विषारी क्लोरीन वायू.

डीपीडी १० च्या वर गेला की गुलाबी रंगच उडतो आणि पाणी रंगहीन दिसतं. 'शून्य आलं' म्हणून घाबरून आणखी ओतू नका. एक भाग पूलचं पाणी, चार भाग आरओचं, आलेला आकडा गुणिले पाच. पीएचचे थेंबही एवढ्या क्लोरीनला खोटं बोलतात, म्हणून पीएच आधी लावून घ्यायचा.

पंप चोवीस तास. दिवसातून दोनदा भिंती वरून खाली घासा, तीनदा मोजा आणि दर वेळी १२ वर आणा. एकदाच भरमसाट ओतून झोपून जाणं म्हणजे 'शॉक' नव्हे. तिथेच टिकवून धरणं म्हणजे शॉक. पहिल्या दिवशी काटा भरभर चढेल, दोन-तीनदा बॅकवॉश लागेल. मेलेलं शेवाळ करडं-पांढरं दिसतं, तळाशी बसतं, ते व्हॅक्यूमने ओढताना व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवा, म्हणजे पाणी सरळ बाहेर जाईल, फिल्टरमधून नको. लाल मातीचा बारीक गाळ वाळूतून आरपार जात असेल तर सगळं झाल्यावर एकदा तुरटी: ६०० ग्रॅम बादलीत विरघळवून पृष्ठभागावर शिंपडा, व्हॉल्व्ह 'रीसर्क्युलेट'वर (फिल्टर वगळून) ठेवून अर्धा तास फिरवा, पंप बंद, रात्रभर हात लावू नका. सकाळी तळाशी दुलई पसरल्यासारखी दिसेल, ती हळू हाताने वेस्टला. तुरटी अल्कलिनिटी खाते, नंतर पुन्हा मोजा.

रात्रीची घट १ च्या आत, पाणी काचेसारखं, बांधलेला क्लोरीन ०.५ च्या आत, हे तिन्ही एकाच दिवशी जमले की संपलं. तोवर कुणी उतरू नका. पाच दिवस लागतील, आठही लागतील.

नंतरचं वेळापत्रक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लिक्विडच्या जोडीला आठवड्याला एकच गोळी, एकूण आठ. आठ गोळ्या म्हणजे २० पीपीएम स्टॅबिलायझर, ३० चे ५० होतील. त्या दिवशी डबा धुऊन माळ्यावर. तिथून मेपर्यंत फक्त लिक्विड, रोज संध्याकाळी साधारण लिटर-सव्वा लिटर, म्हणजे अडीच पीपीएम. मोजून पाच-सहाच्या दरम्यान राहील असं बघा. रोज ओतायचा कंटाळा असेल तर टायमरवर चालणारा डोसिंग पंप लावा. लिक्विडने पीएच वर सरकत जातो, ७.८ दिसला की मूरिएटिक (हायड्रोक्लोरिक) आम्ल, आधी २०० मिलि, चार तासांनी मोजून उरलेलं. बादलीत आधी पाणी, त्यात आम्ल, उलट कधीच नाही.

सर्वांत महत्त्वाचं: गोळीचा डबा, गोळीची बादली, गोळीचा चमचा, यांत ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोचा (हायपोक्लोराइटचा) कणही जाता कामा नये. टीसीसीए आणि हायपो एकत्र, त्यात थोडा ओलावा, की आग. स्फोटही होतो.

दर्यावेळ

मधेच विचारतो, आमच्याकडे सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन) आहे. हेच सगळं लागू का? पावसानंतर मशीन 'लो सॉल्ट' दाखवतं.

एक_चौदा

लागू, आणि जास्तच. मीठवालं मशीन स्टॅबिलायझर बनवत नाही, त्यामुळे पावसाने तो धुतला की तुमचं मशीन दिवसभर जे बनवतं ते दुपारी ऊन खातं. मीठही त्याच पाण्याबरोबर गेलेलं असतं. बहुतेक मशीनना ३००० ते ४००० पीपीएम लागतं, आपल्या मशीनचं पुस्तक बघा. ४०,००० लिटरला ५०० पीपीएम चढवायला २० किलो मीठ, आयोडीन नसलेलं. मीठ घालताना सेल (मशीनचा क्लोरीन बनवणारा भाग) बंद, पंप चालू, चोवीस तास. आणि हिरवं झालेलं पाणी मशीनच्या जिवावर साफ करायला जाऊ नका, सेल झिजतो. ते काम कॅनचं.

वाळूवाला

चिरेबंदी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणून लिहितो.

मे अखेर पूल रिकामा करायचा मोह होतो: 'पावसाने भरेल, नवं पाणी.' करू नका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, भाटालगत आणि खाजनाकडे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीकडे) तर हातभर खाली लागतं. रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जातो, टाइल तडकते, पाइप तुटतात. स्टॅबिलायझर कमी करायला पाणी बदलायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. तसा तुमच्याकडे ते काम पाऊस फुकट करतोच.

जूनच्या आधी: ओव्हरफ्लोचा पाइप उघडा आहे का बघा, पानं अडकून तो बंद असेल तर पूल काठावरून वाहतो आणि परतीचं गढूळ पाणी आत येतं. पंपखोलीत पाणी शिरत असेल तर मोटर दोन चिरे उंच करा. स्किमरची टोपली पावसात रोज रिकामी करा. माडाचा सुकलेला मोहर आणि जांभळं दोन दिवसांत कुजतात आणि क्लोरीन तीच खातात.

पावसात ढगांमुळे ऊन कमी, त्यामुळे क्लोरीन टिकतो, दोन-तीन पीपीएम पुरतो. पण आठवड्याला एकदाच दोन लिटर हे बरोबर नाही. तेच आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी सुमारे लिटरभर, आणि मोठी सर येऊन गेल्यावर, येण्याआधी नव्हे. जुलैत आठवड्याला २५० मिमी सहज पडतो, म्हणजे तुमच्या पाण्याचा जवळपास पाचवा हिस्सा बदलला. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी नसल्यात जमा, म्हणून अशा प्रत्येक आठवड्याला खाण्याचा सोडा किलोभर. तुमचा पीएच ६.८ वर याच गोष्टीने आला.

वीज गेली तर टायमर मागे पडतो, हे गोव्यात सांगायला नको. बॅटरी असलेला टायमर घ्या, नाहीतर पंप मध्यरात्री चालतो आणि दुपारी पाणी थबकलेलं.

कुळागर

आणि मेमधल्या पिवळ्या पुडीसाठी: ती ब्रशवर, व्हॅक्यूमच्या होसमध्ये, मुलांच्या ट्यूबवर, पोहायच्या कपड्यांवर बसून परत येते. पूलमध्ये क्लोरीन १२ वर असेल त्याच दिवसांत ब्रश, दांडा, होस, शिडीचे रबर सगळं रात्रभर पूलमध्येच बुडवून ठेवा. कपडे मात्र साबणाने वेगळे धुवा, क्लोरीनमध्ये रंग जाईल. सावली धरणारी झावळं मार्चमध्येच उतरवून घेतली तर उत्तम. पाडेलीला नारळ पाडायला बोलावता तेव्हाच सांगून ठेवा.

चिरेबंदी

सोडा टाकला, दोन्ही हप्ते. पीएच ७.१, अल्कलिनिटी ७५. पायमोजा टांगलाय. कॅनमधलं पाच लिटर ओतून अर्ध्या तासाने मोजलं, क्लोरीन फक्त ७ ने चढला. म्हणजे कॅनची ताकद सहा टक्केच ना?

एक_चौदा

बरोबर. ७ × ४३ = ३०१ ग्रॅम, पाच लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम, सहा टक्के. आज रात्री उरलेल्या पाच पीपीएमसाठी त्यातलंच साडेतीन लिटर ओता, आणि उद्या ताजा कॅन आणा. झाकणावर तारीख लिहून.